नाताळची हाऊजी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



सुरुवात एका कोड्याने करतो. एका पिशवीत नव्वद सोंगट्या आहेत. प्रत्येकीवर एक आकडा, १ पासून ९० पर्यंत. खेळ सुरू करण्याआधी मोजल्या, तर ८९ भरल्या. एक हरवली आहे. पाहुणे तिकिटं घेऊन बसलेत, पोरं ओरडताहेत, सगळ्या सोंगट्या ओळीने मांडून पाहायला जागाही नाही आणि सवडही नाही. हरवलेली सोंगटी कोणती, हे कसं ओळखाल? कागद-पेन्सिल घ्यायला हरकत नाही. उत्तर मी शेवटी सांगेन.

हे कोडं मला पुस्तकात सापडलेलं नाही. माझगावच्या आमच्या चाळीत, १९८० च्या नाताळच्या संध्याकाळी ते खरोखरच पडलं होतं. आज मी त्या संध्याकाळबद्दल आणि त्या खेळाबद्दल बोलणार आहे. खेळ तुमच्या ओळखीचाच आहे. कुणी त्याला तंबोला म्हणतं, कुणी हाऊजी.

आमची चाळ तळमजला धरून चार मजल्यांची. आम्ही पहिल्या मजल्यावर. वडील गोदीत टॅली क्लार्क होते, म्हणजे जहाजावरून उतरणाऱ्या पेट्या आणि गोणी मोजायचं काम. तिसऱ्या मजल्यावर एक ईस्ट इंडियन कुटुंब राहत असे. त्या घरच्या बाईंना सगळी चाळ आंटी म्हणे. त्यांचं माहेर वसईकडचं, घरात मराठी बोलणं, आणि ते मराठी आमच्या मास्तरांच्या मराठीपेक्षा जास्त खमंग. डिसेंबर लागला की त्यांच्या गॅलरीत कागदी चांदणी लागायची, जिन्याखाली मुलं गवत आणि खोक्यांचा गोठा मांडायची. पंचवीस तारखेला दुपारी ताटं खाली यायची, फुग्या, कुलकुल, केक. आमच्या घरचा केक वेगळा केलेला असे, त्यात रमचा थेंब नसे. हे आंटींनी कधी बोलून दाखवलं नाही. ताटावरचा रुमाल मात्र हिरवा असायचा, म्हणजे अम्मीला कळावं. ईदला आमच्याकडून शीरखुर्म्याचं भांडं वर जायचं.

अशी ताटांची ये-जा पुष्कळ चाळींत होती आणि आपण तिचं कौतुकही पुष्कळ ऐकलं आहे. पण मला एक गोष्ट सांगायची आहे. ताट घेऊन जाणारा माणूस दारात उभा राहतो. शुभेच्छा देतो, दोन शब्द बोलतो, रिकामं भांडं घेऊन परत येतो. दुसऱ्याच्या सणात तो पाहुणाच राहतो. आमच्या चाळीत पाहुण्याला उंबऱ्याच्या आत घेतलं ते खेळाने.

पंचवीसच्या संध्याकाळी सहाला आंटींच्या खोलीत सतरंजी पसरली जायची आणि हाऊजी सुरू व्हायची. खोली भरली की माणसं गॅलरीत, गॅलरी भरली की जिन्याच्या पायऱ्यांवर. आकडा तोंडातोंडी खाली पोहोचायचा आणि पोहोचता पोहोचता कधी एकोणसत्तरचा एकोणऐंशी व्हायचा. मग भांडण. माझ्या घरी बोली कोकणी मुसलमानांची आणि शाळा मराठी, तरी मराठी आकड्यांची खरी घोकंपट्टी माझी या जिन्यावर झाली. एकोणनव्वद म्हणजे ८९ हे ज्याला पटकन उमगत नाही, त्याचं हाऊस हातचं जातं.

या खेळाचा प्रवास मोठा गमतीचा आहे. इटलीत जिनोव्हा शहरात सोळाव्या शतकात राज्यकारभाराची माणसं चिठ्ठ्या टाकून निवडत. कुणाची नावं निघतील यावर लोक पैजा लावू लागले. पुढे नावांच्या जागी आकडे आले आणि त्यातून लॉटरी जन्मली. ही लॉटरी नेपल्समध्ये रुजली. तिथली कथा अशी सांगतात, की १७३४ साली बुर्बों घराण्यातला राजा चार्ल्स याला लॉटरी सरकारी देखरेखीखाली चालवायची होती. लोक चोरून खेळणारच, तर पैसा खजिन्यात का येऊ नये, हा त्याचा हिशेब. ग्रेगोरिओ मारिया रोक्को नावाच्या डोमिनिकन धर्मगुरूने त्याला विरोध केला. जुगाराने माणसं देवाधर्मापासून दूर जातात, असं त्याचं म्हणणं. शेवटी तडजोड झाली. लॉटरी चालेल, पण नाताळच्या आठवड्यात बंद राहील. आता नेपल्सचे लोक आठवडाभर स्वस्थ कसे बसणार? त्यांनी तेच नव्वद आकडे वेताच्या टोपलीत घातले आणि घरात, आजीआजोबा आणि नातवंडांसह खेळायला सुरुवात केली. तोच टोंबोला. आजही इटलीत नाताळच्या दिवसांत तो घरोघर खेळला जातो. आकडा आला की त्यावर घेवड्याचा दाणा नाहीतर संत्र्याच्या सालीचा तुकडा ठेवायचा.

पुढे हा खेळ ब्रिटिशांच्या हाती लागला. त्यांच्या नौदलात त्याला टोंबोला म्हणत आणि लष्करात हाऊस किंवा हाऊसी-हाऊसी. सैनिकांना पैसे लावून खेळायला परवानगी असलेला जवळपास तो एकच खेळ होता. आपल्याकडे तो छावण्या, जिमखाने आणि रेल्वेच्या क्लबांमधून पसरला आणि दोन्ही नावं मागे राहिली, तंबोलाही आणि हाऊजीही.

नेपल्सच्या त्या धर्मगुरूची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला अब्बांची आठवण झाली. कारण अगदी हाच वाद आमच्या जिन्यात झाला होता. मी सहा-सात वर्षांचा असेन. हाऊजीचं तिकीट तेव्हा चार आण्यांचं होतं आणि जमलेल्या पैशांतून बक्षिसं दिली जात. अब्बांनी आम्हा भावंडांना वर जाऊ दिलं नाही. पैसे लावून खेळणं आपल्यात हराम आहे, एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी आंटी खाली आल्या. म्हणाल्या, ‘‘भाई, पोरं का नाही आली?’’ अब्बांनी संकोचत कारण सांगितलं. आंटी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘आमचे फादरपण हेच बोलतात. मीच ऐकत नव्हते.’’

पुढच्या वर्षीपासून तिकीट फुकट झालं. प्रत्येक घराने एक वस्तू आणायची, साबणाची वडी, कंगवा, पेन्सिलींचा डबा, पावशेर खजूर. तीच बक्षिसं. आकड्यावर ठेवायला आधी बटणं होती, मग चिंचोके आले. पैसा गेला तशी खेळातली रग गेली असेल असं तुम्हाला वाटेल. तसं मुळीच झालं नाही. साबणाच्या वडीसाठी माणसं किती इरेला पडतात, ते मी पाहिलं आहे. अब्बा स्वतः मात्र आले नाहीत. पोरांना पाठवलं, आपण खालीच राहिले.

आता आंटींच्या पुकारण्याबद्दल सांगितलं पाहिजे, कारण मी पुढे कविता लिहू लागलो त्यात त्या पुकारण्याचा वाटा आहे. हाऊजीत आकडा नुसता सांगत नाहीत, त्याला एक नाव लावतात. इंग्रजांकडे ११ म्हणजे पाय, ८८ म्हणजे दोन जाड्या बायका, २२ म्हणजे दोन बदकं. ९ म्हणजे डॉक्टरचा हुकूम, कारण लष्करात पोट साफ करायला देत त्या गोळीचा क्रमांक नऊ होता. नेपल्सच्या लोकांनी तर नव्वदच्या नव्वद आकड्यांना अर्थ दिले आहेत. त्यांचं स्वप्नांचं एक पुस्तकच आहे, स्मोर्फिया म्हणतात त्याला. स्वप्नात जे दिसेल त्याचा आकडा त्यात शोधायचा. त्यात २५ म्हणजे नाताळ, ३३ म्हणजे ख्रिस्ताचं वय, ५० म्हणजे भाकरी, ५२ म्हणजे आई, १९ म्हणजे हसू, ६५ म्हणजे रडणं, ७२ म्हणजे नवल. ४८ म्हणजे बोलणारं प्रेत. आणि शेवटचा आकडा, ९० म्हणजे भीती. टोपलीतून आकडे निघत जातात आणि पुकारणारा त्यांची जोडून एक गोष्ट करत जातो. भाकरी, मग आई, मग रडणं, मग हसू. चिठ्ठीने काढलेली कविताच ती.

आंटींना नेपल्सची काहीच माहिती नव्हती. पण त्यांनी पुठ्ठ्याच्या सोंगट्यांवर मराठी आकडे लिहिले होते आणि त्यांची नावं त्यांनी आपली आपण लावली होती. एक, एकटा जीव. पाच, पांडव. दहा, रावणाची डोकी. बारा, वाजले की रे तुझे. चाळीस, चोर आले. चौसष्ट, मांड बुद्धिबळ. ३३ ला त्या क्षणभर थांबत, छातीवर क्रूस करत आणि मग हळू आवाजात सांगत. ७८ आला की आमच्याकडे बघून म्हणत, ‘‘अठ्ठ्याहत्तर, एक सहा कमी पडला, भाई लोक!’’ ७८६ हा आकडा मुसलमान घरांत किती मानतात हे त्यांना ठाऊक होतं. ९० म्हणजे गच्ची. तिसऱ्या मजल्याच्या वर गच्चीच होती, दुसरं काय असणार?

आणि ३६. आपल्याकडे दोघांचं पटत नसलं की त्यांचा छत्तीसचा आकडा आहे, असं म्हणतात. मराठी लिपीत ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसतात म्हणून. हेच दोन आकडे जागा बदलून बसले की ६३ होतो आणि ते समोरासमोर येतात. आंटी ३६ ला ‘‘पाठमोरे’’ म्हणत आणि ६३ ला ‘‘बोलले बाबा एकदाचे!’’ हे इंग्रजी आकड्यांत होणार नाही आणि इटालियनमध्येही नाही.

नाताळच्या पार्ट्यांत इतरही खेळ असतात. संगीत खुर्ची असते, पार्सल फिरवतात, मुक्याने सिनेमाचं नाव ओळखायला लावतात. इंग्लंडमध्ये शे-दोनशे वर्षांपूर्वी तर नाताळ म्हणजे खेळांचाच सण होता. नाताळच्या बारा दिवसांचं ते प्रसिद्ध गाणं मुळात स्मरणशक्तीचा खेळ होतं. एकाने एक ओळ म्हणायची, पुढच्याने आधीचं सगळं म्हणून एक ओळ वाढवायची आणि चुकेल त्याने दंड भरायचा. चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही गोष्ट १८४३ साली आली. त्यात म्हातारा, कंजूष स्क्रूज एका भुताबरोबर आपल्या भाच्याच्या घरची नाताळची मेजवानी पाहतो. तिथे आंधळी कोशिंबीर चालली आहे, मग हो-नाही अशा उत्तरांवरून वस्तू ओळखायचा खेळ. स्क्रूज कुणाला दिसत नाही, त्याचा आवाज कुणाला ऐकू जात नाही. तरी तो खेळात इतका रंगतो की मोठ्याने उत्तरं द्यायला लागतो. भुताला विनवतो, पाहुणे जाईपर्यंत मला इथे थांबू दे.

त्या पुस्तकातलं मला सर्वांत लागलेलं ठिकाण हेच आहे. दरवाजाबाहेर राहून गेलेल्या माणसाला आतल्या जेवणापेक्षा आतला खेळ जास्त ओढतो. जेवण कुणी ताटात घालून बाहेर आणून देऊ शकतं, खेळ आणून देता येत नाही. त्यासाठी आत जाऊन बसावंच लागतं.

आणि सगळ्या खेळांत मला हाऊजी अधिक माणुसकीची वाटते. संगीत खुर्चीत पहिल्याच फेरीला एक जण बाद होतो आणि भिंतीला टेकून उभा राहतो. हाऊजीत शेवटच्या आकड्यापर्यंत कुणीच बाद होत नाही. चपळाई लागत नाही, इंग्रजी लागत नाही, हुशारी तर अजिबात लागत नाही. सत्तर वर्षांची आजी आणि सात वर्षांचा नातू एकाच पातळीवर. पिशवीतल्या आकड्याला तुमचं नाव-गाव ठाऊक नसतं. एक गणित सांगतो. तुमच्याकडे एकच तिकीट असेल, तर त्यावरचे पंधराही आकडे भरायला सरासरी ८५ आकडे पुकारावे लागतात. म्हणजे पिशवी जवळजवळ रिकामी व्हावी लागते. माणसं पुष्कळ असतात म्हणून कुणाचं तरी हाऊस आधी होतं. एकट्याने खेळायचा हा खेळच नव्हे.

आता १९८० च्या त्या संध्याकाळकडे येतो. खेळाआधी सोंगट्या मोजल्या, एक कमी. सतरंजी झटकली, पलंगाखाली पाहिलं. कोणती गेली कळेना आणि कळल्याशिवाय नवी करणार कशी? कुणीतरी म्हणालं, गोदीतले भाई दिवसभर हेच तर करतात, त्यांना बोलवा. मला खाली धाडलं. अब्बा वर आले ते दारातच उभे राहिले. प्रश्न ऐकला. म्हणाले, ‘‘आठ पोरं उभी करा. सोंगट्या वाटून द्या.’’ पाच मिनिटांत ते म्हणाले, ‘‘अडतीस नाही.’’ सोंगट्या पुन्हा पाहिल्या. खरंच अडतीस नव्हता. आंटींनी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर ३८ लिहिलं आणि अब्बांना म्हणाल्या, ‘‘आता आत बसा, भाई. हिशेबनीस दारात उभा राहतो काय?’’

तेव्हापासून अब्बा दर वर्षी वर येऊ लागले. खेळत नसत. सुरुवातीला सोंगट्या मोजून द्यायच्या, वाद झाला की निकाल द्यायचा. कुणी चुकून हाऊस ओरडलं की त्याला बोगी म्हणतात, ती बोगी तपासायचं काम त्यांचं.

मग १९९२ साल आलं. ६ डिसेंबरला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबईत दंगल उसळली. मी तेव्हा बावीस वर्षांचा, नुकताच बी.ए. होऊन नोकरी शोधत होतो. महिन्याच्या मध्यापर्यंत दंगल ओसरली, पण माणसं ओसरलेली नव्हती. चाळीतली दोन घरं कुलूप लावून गावी गेली होती. जिन्यात माणूस माणसाला ओलांडून जाई, पण थांबून बोलत नसे. त्या वर्षी नाताळ शुक्रवारी आला. अब्बा जुम्याची नमाज पढून परतले, तेव्हा आंटी आमच्या दारात उभ्या होत्या. हातात ताट नव्हतं. म्हणाल्या, ‘‘भाई, यंदा सगळ्यांनी यायचं. हिशेबाला नाही, खेळायला.’’

त्या संध्याकाळी चांदणी लावली होती, पण गॅलरीचं दार लोटलं होतं. पायऱ्यांवर कुणी नव्हतं, सगळे खोलीतच मावले. अब्बांनी आयुष्यात पहिल्यांदा तिकीट हातात घेतलं. आंटी पुकारत होत्या, आवाज नेहमीपेक्षा खाली. कुणी हसत नव्हतं. माणसं खाली मान घालून चिंचोके ठेवत होती. आठ-दहा आकडे गेले असतील. त्यांनी पिशवीत हात घातला, सोंगटी काढली आणि बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘छत्तीस.’’ पुढचा शब्द त्यांच्या तोंडून निघेना.

खोलीत शांतता. तेवढ्यात कोपऱ्यातून अब्बांचा आवाज आला, ‘‘आहे, बाई. माझ्याकडेच आहे.’’ आणि त्यांनी चिंचोका ठेवला.

आधी अम्मी हसली. मग आंटी. मग सगळी खोली हसली. त्यात फार मोठा विनोद नव्हता हे मला समजतं. पण कित्येक दिवसांत चाळीत कुणी मोठ्याने हसलेलं नव्हतं.

गोष्ट नीटनेटकी करायची असती तर मी म्हणालो असतो, की पुढचाच आकडा ६३ निघाला. तसं झालं नाही. ६३ त्या दिवशी निघालाच नाही, त्याआधी दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं हाऊस झालं. आणि जानेवारीत शहर पुन्हा पेटलं, डिसेंबरपेक्षा वाईट. दोन्ही वेळचे मिळून ९०० लोक मेले, असं श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे. एका खोलीतल्या हाऊजीने दंगल थांबत नाही. तसा दावा मी कधीच करणार नाही.

मला फक्त एवढं सांगायचं आहे. जानेवारीतल्या चार रात्री आम्ही सगळे आंटींच्या खोलीत काढल्या. त्यांनी बोलावलं नाही, आम्ही विचारलं नाही. संध्याकाळ झाली आणि आम्ही वर गेलो, एवढंच. कुठे बसायचं, चादर कुठे असते, रात्री मोरीत जाताना कोणत्या फळीचा आवाज होतो, हे आम्हाला ठाऊक होतं. दिवे बंद होते. माझी धाकटी बहीण आणि आंटींचा नातू झोपत नव्हते, रस्त्यावरच्या आवाजाने दचकत होते. आंटींनी अंधारात पिशवी घेतली. तिकिटं नाहीत, चिंचोके नाहीत, सोंगटी दिसतही नव्हती. त्या हात घालायच्या आणि मनाला येईल तो आकडा कुजबुजत सांगायच्या. पाच? मुलं कुजबुजत म्हणायची, पांडव. दहा? रावणाची डोकी. नव्वद? गच्ची.

नेपल्समध्ये नव्वद म्हणजे भीती, हे मी त्यानंतर कितीतरी वर्षांनी वाचलं. वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. आमच्या मुलांनी त्या रात्री नव्वदला गच्ची म्हटलं होतं.

आंटी २००९ साली गेल्या. अब्बा त्यानंतर दोन वर्षांनी. चाळ पाडून तिथे इमारत उभी राहिली आणि माणसं विरार, मीरा रोड, मुंब्रा अशी विखुरली. २०२० साली, टाळेबंदीच्या वर्षी, आंटींच्या मुलीने नाताळला फोनवर सगळ्यांना जमवलं. पडद्यावर चौकोन चौकोन, त्यात म्हातारे झालेले चेहरे. आकडे एक यंत्र पुकारत होतं, इंग्रजीत, कोरडं. दहा आकडे झाले असतील, मीरा रोडच्या चौकोनातून कुणीतरी ओरडलं, ‘‘बंद करा ते! याला पांडव कोण सांगणार?’’ मग मी पुकारायला बसलो. अब्बांनी जपून ठेवलेली पिशवी माझ्याकडेच होती. त्यात इतर सोंगट्यांपेक्षा जाड अशी एक आहे, ३८ ची, मागे औषधाचं नाव असलेली.

श्रोतेहो, या नाताळला तुमच्या घरी किंवा सोसायटीत हाऊजी खेळणार असाल, तर तीन गोष्टी सुचवतो. पहिली, तिकिटं विकत आणू नका, मुलांना करू द्या. एका तिकिटावर तीन आडव्या ओळी, नऊ उभे रकाने, प्रत्येक ओळीत पाच आकडे. पहिल्या रकान्यात १ ते ९, दुसऱ्यात १० ते १९, असं करत शेवटच्यात ८० ते ९०. एकही रकाना पूर्ण रिकामा ठेवायचा नाही. मग मुलांना सांगा, सहा तिकिटं अशी करा की १ ते ९० मधला प्रत्येक आकडा त्यांत एकदाच येईल. सहा पंधरा नव्वद, म्हणजे जमायला हवं. हे कोडं एक अख्खी दुपार पुरतं. दुसरी, पैसे ठेवू नका, प्रत्येक घरातून एक वस्तू येऊ द्या. तिसरी, आकड्यांना नावं तुमच्या बोलीत द्या. मालवणीत द्या, अहिराणीत द्या, घरात जे बोलता त्यात द्या. आणि जो फक्त शुभेच्छा द्यायला दारात आला आहे, त्याच्या हातात एक तिकीट ठेवा.

आता कोड्याचं उत्तर. १ आणि ९० यांची बेरीज ९१. २ आणि ८९ यांची बेरीज ९१. ३ आणि ८८, पुन्हा ९१. अशा ४५ जोड्या होतात. ४५ गुणिले ९१ म्हणजे ४०९५. पिशवी पूर्ण असेल तर सगळ्या सोंगट्यांची बेरीज ४०९५ यायलाच हवी. अब्बांनी आठ पोरांना सोंगट्या वाटल्या, प्रत्येकाने आपापली बेरीज केली, सगळ्या बेरजा एकत्र केल्यावर आल्या ४०५७. ४०९५ मधून ४०५७ गेले, राहिले ३८.

गोदीत माल मोजताना ते असंच करत. काय आलं आहे ते मोजायचं, म्हणजे काय आलेलं नाही ते आपोआप कळतं. दर नाताळला पिशवी उघडण्याआधी मी अजूनही बेरीज करतो. आकडे पूर्ण भरतात. मग फोन हातात घेऊन कोणकोण आलं आहे ते पाहतो.